धक्का ओसरल्यावर

संशयी : 'स्क्विड गेम'ची तीन पर्वं, एकूण 22 भाग पाहून झाले आणि माझं एक मत पक्कं झालं. ही मालिका धक्क्यांवर जगते, आणि धक्क्यांवर जगणारी गोष्ट दुसऱ्यांदा पाहताना हातात काही ठेवत नाही. मूळ कल्पना इतकी ताकदीची आहे की तिला रहस्याची गरजच नव्हती. कर्जात बुडालेली 456 माणसं एका बेटावर नेली जातात. त्यांना लहानपणीचे खेळ खेळायला लावतात, हरणाऱ्याला गोळी घालतात आणि प्रत्येक मृत्यूमागे बक्षिसात दहा कोटी वॉन जमा होतात. एवढं सांगितलं की माणसाच्या अंगावर काटा येतो. तरीही दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योकला पहिल्या पर्वाच्या शेवटी कोलांटउडी मारावीशी वाटली. 001 क्रमांकाचा तो आजारी म्हातारा, ओ इल-नाम, जिवंत निघतो. आणि सगळा खेळ त्यानेच उभा केलेला असतो. सहाव्या भागात ज्याच्यासाठी मन भरून आलं, त्याचं सगळं सोंग होतं असं नवव्या भागात कळतं. दिग्दर्शकाने प्रेक्षकाची करुणा उसनी घेतली आणि परत केली नाही, असं मला वाटतं.

रसिक : शेवट ठाऊक असताना मी तो सहावा भाग पुन्हा पाहिला, आणि पहिल्यापेक्षा जास्त जड गेला. त्यात घडतं काय ते बघ. जोड्या लावा, असं सांगितलं जातं. सगळ्यांना वाटतं जोडीदाराबरोबर मिळून खेळायचं असेल, म्हणून जो तो आपलं सगळ्यांत जवळचं माणूस निवडतो. मग कळतं की त्याच माणसाच्या दहाच्या दहा गोट्या आपल्याकडे घ्यायच्या आहेत आणि ज्याच्या जातील तो मरणार. एकीकडे सांग-वू अलीला गोड बोलून त्याच्या पिशवीत गोट्यांच्या जागी खडे भरतो. दुसरीकडे मालिकेचा नायक गि-हुन म्हाताऱ्याचा विसराळूपणा ओळखतो, आणि सम म्हणालो होतो की विषम हेच फिरवून सांगतो. दोन्ही फसवणुकीच आहेत. पण सांग-वूचा आपल्याला संताप येतो आणि गि-हुनला आपण माफ करतो, कारण फसवताना तो रडतो. त्याचे अश्रू आपण दंड म्हणून जमा करून घेतो. आता त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी तोच प्रसंग बघ. त्याला सगळं आठवत होतं. समोरचा सज्जन माणूस एकेक खोटं कसं बोलतोय, हे तो शुद्धीवर राहून बघत होता. इल-नामचं आजारपण अर्धं सोंग असेल, गि-हुनचं खोटं बोलणं मात्र शंभर टक्के खरं होतं. पहिल्यांदा पाहताना आपण देऊन टाकलेली माफी तो शेवट परत मागतो. तू म्हणतोस करुणा उसनी घेतली. मला वाटतं आपण ती फार स्वस्तात दिली होती, आणि मालिकेने तेच दाखवून दिलं.

संशयी : हे तू छान मांडलंस, पण त्यात एक अडचण आहे. रहस्यकथेत वाचकाशी एक करार असतो. लेखक लपवू शकतो, खोटी साक्ष देऊ शकत नाही. गोट्यांचा खेळ संपल्यावर गि-हुन गल्लीतून निघतो आणि मागून गोळीचा आवाज येतो. प्रेत दाखवलं नाही, हे मान्य. पण आवाज ऐकवला, ही माझ्या मते खोटी साक्ष आहे. आणि ती अशा मालिकेत, जी समतेचा एवढा डंका पिटते! पाचव्या भागात 111 क्रमांकाचा तो डॉक्टर रखवालदारांसाठी प्रेतांचे अवयव काढून देतो आणि बदल्यात पुढचा खेळ आधी जाणून घेतो. खेळ चालवणारा मुखवटाधारी फ्रंट मॅन त्याला आणि त्याच्या साथीदारांना मारून सगळ्यांना दिसतील असे टांगतो. बाहेरच्या जगात मिळाली नाही ती समान संधी इथे मिळते, ती कुणी मोडायची नाही, असं सांगतो. मग त्याच मैदानात एक खेळाडू असा आहे की जो हरला तरी मरत नाही. हा नियमभंग पटकथेने केला आणि आपल्यापासून लपवला.

रसिक : पटकथेने केला नाही, तो खेळाने केला. पटकथेने तो गि-हुनच्या कानांनी ऐकवला. सहाव्या भागात आपण बहुतेक वेळ जगणाऱ्यांबरोबरच चालतो. सेब्योकसुद्धा आपल्या जोडीदार जि-योंगकडे पाठ करून निघालेली असते तेव्हाच मागून गोळी ऐकू येते. म्हणून म्हाताऱ्याच्या वेळी आपल्याला संशय येत नाही. उलट कॅमेऱ्याने सभ्यपणा दाखवला, एका वृद्धाचं मरण डोळ्यांसमोर नको म्हणून मान वळवली, असं वाटतं. आणि तू म्हणतोस त्या कराराचं म्हणशील तर खुणा उघड्यावर पडलेल्या आहेत. पहिल्या खेळात भोवती माणसं पटापट कोसळत असताना तो हसत पुढे धावतो. चौथ्या भागात रात्री दिवे विझवून खेळाडूंना एकमेकांवर सोडतात. तो पलंगांच्या उतरंडीवर चढून आपल्याला भीती वाटते असं ओरडतो, आणि फ्रंट मॅन ती कत्तल थांबवतो. इतका वेळ कुणाच्याही किंकाळीने न थांबलेली! रस्सीखेच जिंकण्याची युक्ती तोच सांगतो. गोट्यांच्या खेळासाठी उभारलेली गल्ली बघून, आपण अशाच ठिकाणी राहायचो असं तो बोलूनही दाखवतो. आपण या खुणा पाहिल्या आणि त्याच्या म्हातारपणाच्या खात्यावर टाकल्या. फ्रंट मॅनच्या समतेच्या भाषणावर खेळाडूंनी विश्वास ठेवला तसाच आपणही ठेवला होता. ती समता खोटी आहे हे कुणी भाषण करून सांगितलं असतं तर आपण मान डोलावली असती. इथे आपण ते फसून शिकलो.

संशयी : खुणांबद्दल मी माघार घेतो. गोळीच्या आवाजाबद्दल नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवू, कारण माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. मालिका सुरू होते कुठे? गि-हुन हा एका मोटार कारखान्यातून काढलेला कामगार आहे. मालिकेत त्या कारखान्याला वेगळं नाव दिलंय, पण मागे कोणती घटना आहे हे ह्वांगने लपवलेलं नाही. 2009 साली प्योंगटेकच्या सांगयोंग मोटर्समध्ये सुमारे 2,600 जणांची कपात जाहीर झाली. कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन 77 दिवस संप केला. पोलिसांनी हेलिकॉप्टर आणि अश्रुधूर वापरून तो मोडला. पुढच्या काही वर्षांत ते कामगार आणि त्यांच्या घरचे मिळून तीसेक लोक गेले, त्यांतल्या अनेकांनी स्वतःचा जीव घेतला. पाचव्या भागात पहाऱ्यावर बसलेल्या गि-हुनला संपातली ती रात्र आठवते. मुलगी जन्मली तेव्हा आपण बायकोजवळ का नव्हतो, ते तो सांगतो. हे सगळं खरं आहे, टोचणारं आहे. आणि त्याचं उत्तर म्हणून नवव्या भागात काय मिळतं? एक श्रीमंत म्हातारा, ज्याला जगण्यात गंमत उरली नव्हती! कपात, सावकारी, घराघरांतलं कर्ज, या सगळ्याचा दोष एका माणसाच्या कंटाळ्यावर ढकलला की प्रेक्षक सुटतो. खलनायक सापडला, पडदा पाडा. धक्क्याची हीच मोठी किंमत आहे. जे चेहरा नसलेलं होतं त्याला तो एक चेहरा देऊन टाकतो.

रसिक : प्योंगटेक तू काढलंस म्हणून सांगते, ती हकिगत आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. 2011 साली सांगयोंग विकत घेतली ती मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रांनी. कपात आधीच्या चिनी मालकाच्या काळातली होती, पण काढलेल्यांतल्या उरलेल्या 119 जणांना परत घेण्याचा समझोता 2018 मध्ये महिंद्रांच्याच काळात झाला. आणि 2020 च्या डिसेंबरात कंपनी पुन्हा दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. गि-हुनचा कारखाना ज्या हिशेबांत अडकला होता, त्यांतल्या काही वह्या आपल्याकडेही उघडल्या जात होत्या.

आता तुझा आक्षेप. तो मी हलक्यात घेत नाही. पण या मालिकेतला सगळ्यांत मोठा धक्का नवव्या भागात आहे असं तू धरून चालतोस. माझ्या मते तो दुसऱ्या भागात आहे, आणि त्यात काहीही लपवलेलं नाही. पहिल्या खेळात 255 माणसं मरतात. उरलेले 201 जण मतदान करतात आणि एका मताच्या फरकाने खेळ थांबतो, सगळ्यांना घरी सोडतात. जीवघेण्या खेळांच्या गोष्टींत हे सहसा होत नाही. 'बॅटल रोयाल'मधली मुलं बेटावरून जाऊच शकत नाहीत. ह्वांगने दार उघडून दिलं. मग एक अख्खा भाग आपण त्यांच्या घरी घालवतो. गि-हुनच्या आईचा पाय मधुमेहाने सडतोय, सेब्योकला उत्तर कोरियातून आईला आणायचंय आणि दलालाने पैसे खाल्लेत, अलीचा पगार मालकाने कित्येक महिने दिलेला नाही. आणि 201 पैकी 187 माणसं परत येतात. स्वतःहून. त्या भागात एकही खेळ नाही आणि त्याचं नाव 'नरक' आहे. यात चेहरा नसलेलं जे काही आहे ते सगळं आहे. इल-नाम मेला तरी ते 187 जण परत येणार होतेच.

संशयी : मग तूच माझी बाजू मांडलीस! दुसऱ्या भागाला लपवाछपवीची गरज पडली नाही, म्हणूनच तो इतका भिडतो. आपल्याला सगळं माहीत आहे, त्यांना सगळं माहीत आहे, आणि तरी ते गाडीत बसतात. जिथे कथेला स्वतःच्या ताकदीवर विश्वास आहे तिथे ती काही लपवत नाही.

रसिक : पण एक गोष्ट तेव्हा लपली होती. ते मतदान 100 विरुद्ध 100 वर अडकलं होतं आणि शेवटचं मत 001 चं होतं. त्याने बाहेर जाण्याच्या बाजूने मत दिलं. पहिल्यांदा पाहताना वाटतं, मरायला टेकलेला म्हातारा, घाबरला. शेवट कळल्यावर त्या मताचा अर्थ पार उलटतो. खेळाच्या मालकानेच दार उघडलं, कारण ही माणसं परत येतील याची त्याला खात्री होती. त्याला ओढून आणलेले खेळाडू नको होते. स्वेच्छेने आलेले हवे होते. त्या एका मतात तुला हवी असलेली सगळी व्यवस्था आहे. कामगार स्वखुशीने सही करतो, कर्जदार स्वखुशीने सही करतो. गि-हुन तर सावकाराच्या माणसासमोर शरीराचे अवयव लिहून देतो, तेही सहीनिशी. इल-नामने व्यवस्थेला चेहरा दिला असं तू म्हणतोस. मला वाटतं त्याने तिची पद्धत दाखवली, आणि ती पद्धत नवव्या भागाशिवाय दिसली नसती.

संशयी : त्या मताचा विचार मी असा केला नव्हता. थांब, मग दुसरं पर्व याच जागेवर बोट ठेवतं. 2024 च्या डिसेंबरात आलेलं ते. पुन्हा 001 आहे, पुन्हा शेवटचं मत त्याचं आहे, पुन्हा बरोबरी झाली आहे. या वेळी 182 विरुद्ध 182. आणि या वेळी तो खेळ चालू ठेवण्याच्या बाजूने बटण दाबतो.

रसिक : आणि या वेळी तो कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मुखवटा काढलेला फ्रंट मॅन, ह्वांग इन-हो, खोटं नाव घेऊन खेळाडूंत शिरलाय. गि-हुनला ते माहीत नाही. पहिल्या पर्वात आपण गि-हुनबरोबर आंधळे होतो, दुसऱ्यात त्याच्या शेजारी बसून डोळे उघडे ठेवून बघतो आणि काही करू शकत नाही. इन-हो त्याच्याशी जेवतो, आजारी बायकोची गोष्ट सांगतो, सहा पायांच्या शर्यतीत त्याच्याच गटातून भोवरा फिरवतो. प्रत्येक वेळी मनात येतं, आता गि-हुनला कळेल. कळत नाही. लपवाछपवी नको म्हणत होतास ना? मग हे घे, इथे काहीच लपवलेलं नाही. एकच युक्ती ह्वांगने दोन उलट पद्धतींनी वापरली. एकदा प्रेक्षकावर, एकदा प्रेक्षकाला साक्षीला ठेवून.

संशयी : ते पर्व मला आवडलं ते मतदानासाठी. प्रत्येक खेळानंतर मत, छातीवर निळं वर्तुळ किंवा लाल फुली, पलंगांच्या दोन बाजूंना दोन टोळ्या. दक्षिण कोरियात 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सोक-योल यांनी मार्शल लॉ पुकारला, संसदेने तो काही तासांत हाणून पाडला, 14 तारखेला त्यांच्यावर महाभियोग मंजूर झाला, आणि 26 तारखेला हे पर्व आलं. चित्रीकरण कधीच संपलेलं होतं. पण पडद्यावरची ती दुभंगलेली खोली त्या महिन्यात तिथल्या प्रेक्षकाला वेगळीच दिसली असणार. बहुमताने मरण ठरवणं, आणि हरलेल्या अल्पमतालाही त्यात ओढणं, हा मुद्दा पहिल्या पर्वापेक्षा पुढचा आहे. पण त्याच पर्वात किती भर आहे! इन-होचा पोलीस भाऊ जुन-हो बोटीतून बेट शोधतोय. ज्या कप्तानावर भरवसा ठेवला तोच घातकी निघतो. प्रेक्षकाला हे आधी कळतं, जुन-होला फार उशिरा, आणि एवढा ताणलेला धागा शेवटी काय बदलतो? काही नाही. तो बेटावर पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं.

रसिक : बोटीबद्दल मी भांडणार नाही. तो धागा कापला असता तर दोन्ही पर्वं सुधारली असती. सुरुवातीला एकाच पर्वाचा विचार होता असं ह्वांगने स्वतःच सांगितलंय, आणि ती ओढाताण जिथे दिसते ती बोटीवरच दिसते. उलट नो-उलचा धक्का बघ, तो साधा आणि अचूक आहे. उत्तर कोरियातून पळून आलेली, गाडीत झोपणारी, हरवलेल्या मुलीला शोधणारी बाई. आपण गृहीत धरतो की ती खेळाडू होणार. ती गुलाबी पोशाख घालून बंदूक हातात घेते. कर्जात बुडालेल्याला तिथे दोन नोकऱ्या मिळतात, मरण्याची आणि मारण्याची. एवढी एक गोष्ट त्या दृश्याने सांगितली, आणि पहिल्या पर्वात मुखवट्यांमागे चेहरे नव्हते हे त्यामुळेच जाणवलं.

संशयी : नो-उल मान्य. पण आता तिसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे ये, कारण तिथे मला तुझ्याशी खरोखर भांडायचंय. 2025 च्या जूनमध्ये तो शेवट आला. उंच खांबांवरचा शेवटचा खेळ. प्रत्येक खांबावर निदान एकाला ढकलायचं, मगच पुढे जायचं. जुन-ही या खेळाडूचं नवजात बाळ, ज्याला आईच्या मृत्यूनंतर आईचाच 222 क्रमांक देऊन खेळाडू केलंय, गि-हुनच्या कुशीत आहे. समोर बाळाचा बाप म्योंग-गी. झटापटीत म्योंग-गी खाली पडतो. बाळ वाचलं, गि-हुन वाचला असं वाटतं. आणि मग लक्षात येतं, फेरी सुरू करण्याचं बटण कुणी दाबलंच नव्हतं. म्योंग-गीचं मरण मोजलं जाणार नाही. आता या खांबावरून गि-हुन किंवा बाळ, दोघांपैकी एकाला जावं लागेल. हे बटण मला लेखकाच्या बोटाचं वाटतं. गि-हुनने मरायला हवं होतं, म्हणून बटण राहिलं. तीन पर्वं माणूस निवड करू शकतो की नाही यावर घासाघीस चालली होती, आणि शेवटची निवड एका विसरलेल्या बटणाने घडवून आणली.

रसिक : विसरलेल्या बटणाने त्याला फक्त कोपऱ्यात ढकललं. कोपऱ्यात गेल्यावर काय करायचं ते त्याने ठरवलं. आणि याआधी कोपऱ्यात सापडलेली माणसं काय करत होती ते लक्षात ठेव. तिसऱ्या पर्वात गि-हुन स्वतः बंडातल्या आपल्या साथीदाराचा, डे-होचा गळा दाबून जीव घेतो. खेळाच्या नियमानं एकाला तरी मारायची सक्ती होती, पण त्याने गाठलं ते डे-होलाच, कारण दुसऱ्या पर्वाच्या शेवटी फसलेल्या आपल्या बंडाचा राग त्याला कुणावर तरी काढायचा होता. सुरी घेऊन मारायची मुभा असलेल्या त्या लपंडावात गुम-जा आपल्या पोटच्या मुलाला, योंग-सिकला, भोसकते, कारण तो जुन-ही आणि तिच्या बाळावर धावून जातो. ज्या आईने मुलाचं कर्ज फेडायला स्वतःला खेळात घातलं, ती परक्या मुलीसाठी मुलावर हत्यार चालवते. पुढे ती गळफास घेते. या मालिकेतल्या सगळ्या धक्क्यांत मला हा सगळ्यांत कठीण वाटला, कारण तो लेखकाने लपवलेला नाही; तो तिच्या आतून येतो, तिलाही आधी माहीत नसलेला. शेवटच्या खेळाआधीच्या रात्री इन-हो गि-हुनला सुरी देतो आणि झोपलेल्या बाकीच्यांना मारून टाक म्हणतो. 2015 च्या खेळात इल-नामने इन-होला हेच सांगितलं होतं आणि त्याने ते केलं होतं. गि-हुन झोपलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत सुरी नेतो आणि परत आणतो. तिथेच तो इन-होपासून वेगळा होतो. बटणाचा प्रसंग येण्याआधी त्याची निवड झालेली होती. बटणाने ती सगळ्यांना दिसेल अशी केली.

संशयी : सुरी परत आणणं ही निवड होती, हे मी मान्य करतो. पण त्यानंतर त्याला मारून टाकल्याने ती निवड हुतात्म्याची झाली, आणि हुतात्मा प्रेक्षकाला फार सोयीचा असतो. आपण रडतो आणि मोकळे होतो. तू मघाशी म्हणालीस, सहाव्या भागात आपण माफी स्वस्तात दिली आणि मालिकेने ती परत मागितली. शेवटी दिलेले अश्रू मालिका परत मागते का? की मालिकेत मजा म्हणून खेळ बघायला येणाऱ्या व्हीआयपींसारखे आपण सोफ्यावर बसून एक उत्तम मरण पाहिलं, एवढंच? हा आक्षेप बाहेरचा नाही. नेटफ्लिक्सने 2023 मध्ये याच मालिकेवरून खरी स्पर्धा काढली, 456 खरी माणसं, तोच हिरवा पोशाख, 45 लाख 60 हजार डॉलरचं बक्षीस. पहिल्या पर्वाचा खर्च सुमारे 2 कोटी 14 लाख डॉलर आणि कंपनीच्याच हिशेबाने त्याचं मोल 90 कोटींच्या घरात, असे आकडे ब्लूमबर्गने तेव्हा छापले. ह्वांगला मात्र त्याचं ठरलेलं मानधन मिळालं, हेही त्यानेच सांगितलंय. कर्जामुळे ज्याने लॅपटॉप विकला, जवळपास दहा वर्षं जी संहिता कुणी घेतली नाही, त्या माणसाची ही गोष्ट. खेळाचा निषेध करणारी कलाकृती खेळाच्या मालकाला एवढी फायद्याची ठरते, तेव्हा तिच्या निषेधात काहीतरी कच्चं राहिलेलं असतं.

रसिक : फायद्याचा दोष तू लेखकाच्या माथी मारू नकोस. खिळवून ठेवणारी गोष्ट सांगायची तर खिळवून ठेवणारी हत्यारं वापरावी लागणार. ज्यांनी ती पाहून स्पर्धा काढली त्यांनी ती पाहिलीच नाही, असं मी म्हणेन. पण अश्रूंबद्दलचा तुझा प्रश्न मला टाळता येत नाही. गि-हुन पडण्याआधी इन-हो आणि व्हीआयपींकडे बघून बोलतो. आपण घोडे नाही, माणसं आहोत असं म्हणतो, आणि माणूस म्हणजे काय ते सांगायला जातो तिथे वाक्य अर्धं सोडतो. मला ते अर्धं सोडणं खरं वाटलं. 22 भाग पाहून त्या वाक्याचा शेवट कुणाला करता आला असता?

संशयी : वाक्य अर्धं आहे म्हणून मला तक्रार नाही. माझी तक्रार तिथे संपते जिथे तुझी सुरू व्हायला हवी. शेवटचा प्रसंग बघ. इन-हो लॉस एंजेलिसला जातो, गि-हुनच्या मुलीला त्याचा रक्ताळलेला पोशाख आणि उरलेल्या पैशांचं कार्ड देतो. परतताना त्याची गाडी एका गल्लीपाशी थांबते. अभिनेत्री केट ब्लँचेट एका फाटक्या माणसाशी, खेळाडू भरती करायला वापरतात तोच कागदी चौकोनांचा खेळ खेळतेय, हरला की थोबाडीत. दोघांची नजर भेटते. गाडी पुढे जाते. लोकांना हा पुढच्या मालिकेचा दरवाजा वाटला. तसा तो असेलही. पण मला हा संपूर्ण मालिकेतला सगळ्यांत प्रामाणिक धक्का वाटला. पहिल्या पर्वाच्या शेवटी गि-हुनने भुयारी स्टेशनात असंच दृश्य पाहिलं होतं. त्याने समोरच्या माणसाच्या हातातलं कार्ड हिसकावलं आणि पुढे मुलीकडे जाणारं विमान सोडून तो मागे वळला. इन-होने तेच पाहिलं आणि तो उतरला नाही. गि-हुनच्या मरणाने जो हलला होता, बाळ आणि पैसे पोचवण्याइतका हलला होता, तोच उतरला नाही.

रसिक : आणि मला नेमकं तेच दृश्य खटकलं. म्हणजे आपण दोघांनी बाजू बदलल्या! त्या नजरेतून काहीच वाचता येत नाही. इन-होला ओळख पटली, थकवा आला, की आता आपलं काम संपलं असं वाटलं? गि-हुनच्या मरणाने एका माणसात काही बदललं असेल तर ते दिसायला हवं होतं. काही बदललं नसेल तर त्याने बाळ जुन-होच्या घरी का ठेवलं? मालिकेने दोन्ही उत्तरं हातात ठेवली आणि निघून गेली.

संशयी : तुला तो बदललेला हवाय, कारण तो बदलला तर गि-हुनचं मरण कामी आलं. मला भीती वाटते की मालिका उलटं सांगतेय. एका माणसाने माणसासारखं वागून दाखवलं तर बघणाऱ्याला त्याची मुलगी सांभाळावीशी वाटते, बाळाला घर द्यावंसं वाटतं; गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी गाडीतून उतरावंसं वाटत नाही. इन-हो आपल्याइतकाच हलला. तेवढाच.

रसिक : आपल्याइतकाच, हे तू म्हणतोस. तो 2015 मध्ये झोपलेल्यांचे गळे कापून जिंकलेला माणूस आहे. त्याच्यासाठी बाळ भावाच्या घरी ठेवणं हे किती लांबचं अंतर आहे, हे आपल्या मापाने मोजता येणार नाही. तुझ्यामाझ्यासाठी ती किमान माणुसकी; त्याच्यासाठी ती कदाचित त्याच्या आवाक्यातली शेवटची पायरी. आणि तरी तू विचारलंस म्हणून मलाही विचारावंसं वाटतं. गाडी थांबलेली होती, दार त्याच्या हाताशी होतं, समोर ज्याला थोबाडीत बसत होती त्याने अजून कार्ड घेतलेलं नव्हतं. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस तिथे उतरला नाही, तर या खेळातून कुणाला बाहेर काढायला कोण उरतं?

संशयी : या प्रश्नावर मी तुझ्याबरोबर आहे. त्याचं उत्तर मालिकेकडे होतं आणि तिने लपवलं, की तिच्याकडेही नव्हतं, यावर अजून नाही.